बावीस मुलं, दोन विमानं आणि एक गिरणी : इंग्लंडच्या शालेय सहलीचं एक प्रकरण

(शाळा, ट्रस्ट आणि सहल कंपनी यांची नावं दिलेली नाहीत. विद्यार्थिनीचं नाव बदललं आहे.)

पार्श्वभूमी

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. आमच्या मुलांना हे वाक्य तोंडपाठ असतं, पण मँचेस्टर म्हणजे काय असं विचारलं की बहुतेक जण फुटबॉलच्या संघाचं नाव सांगतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, यंत्रमागधारकांनी काढलेल्या ट्रस्टची. मी तिथे इतिहास शिकवते.

ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवस्थापनाने आठवीच्या मुलांसाठी इंग्लंडची सहल ठरवली. परिपत्रकात हेतू लिहिला होता, ‘इंग्रजी संस्कृती आणि इतिहासाचा प्रत्यक्ष अनुभव’. वाचायला छान. पण या ओळीचा नेमका अर्थ काय, यावर आम्ही शिक्षक एकदाही बसून बोललो नाही. पुढे जे झालं त्यातल्या निम्म्या गोष्टींचं मूळ तिथेच आहे.

सहल कंपनीने नऊ रात्री आणि अकरा ठिकाणांचा कार्यक्रम दिला. लंडन, ग्रिनिच, विंडसरचा किल्ला, स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड, शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड, एका चित्रपट स्टुडिओची सफर, मँचेस्टरचं फुटबॉल स्टेडियम, तिथली बाजारपेठ. अकरावं ठिकाण मी हट्टाने घालायला लावलं होतं. मँचेस्टर विमानतळाजवळच्या स्टायल गावातली ‘क्वॉरी बँक’ ही कापसाची गिरणी, अर्धा दिवस. सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये बॉलिन नदीच्या पाण्यावर चालणारी ही गिरणी काढली. आज ती जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आहे आणि तिथले जुने माग अजून चालवून दाखवतात.

खर्च माणशी २ लाख ७४ हजार. त्यावर परदेशी सहलीचा तेव्हाचा ५ टक्के टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ कापला जाणारा कर), म्हणजे आणखी १३,७०० रुपये. हा कर विवरणपत्र भरताना वळता होतो, तरी आधी रोख भरावा लागतो, आणि माहितीपत्रकात त्याची ओळ अगदी तळाला, बारीक अक्षरात होती. ‘मॅडम, हे आधी का नाही सांगितलं?’ असे फोन आठवडाभर येत राहिले. वर्गातली ६४ पैकी २० मुलं तयार झाली. आणखी दोघांचा खर्च ट्रस्टने उचलायचा, असं ठरलं.

दोन जागा कुणाच्या?

या दोन जागांवरून शिक्षकांत पहिला खरा वाद झाला. काहींचं म्हणणं, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांना द्या. काहींना निबंध स्पर्धा हवी होती. मी दोन्हीला विरोध केला, कारण आमच्याकडे पहिल्या पाचात येणारी मुलं बहुतेक शिकवणी लावलेल्या घरांतली असतात. शेवटी ठरलं ते असं : ज्यांच्या घरचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत आहे आणि जे सहलीआधीच्या शनिवारच्या तयारी वर्गाला नेमाने आले, त्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. अकरा जण होते. एक चिठ्ठी वैष्णवीची निघाली. तिचे वडील चार मागांवर काम करतात, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. वर्षभरात वैष्णवी माझ्या तासाला आपणहून दोनदासुद्धा बोलली नव्हती.

हातखर्चाचा नियमही तेव्हाच केला. प्रत्येकाने बरोबर ६० पौंड आणायचे, एक पेनी जास्त नाही, आणि ते शिक्षकांकडे ठेवायचे. काही पालकांना हे लागलं. पण हा एक निर्णय असा आहे की तो आजही मी जसाच्या तसा पुन्हा घेईन.

पहिला धक्का : नाकारलेला व्हिसा

फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज भरले. एकवीस मुलांचे व्हिसा आले, वैष्णवीचा नाकारला गेला.

कारण पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तिच्या वडिलांच्या खात्यात एरवी काही हजारांची शिल्लक, आणि अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक तीन लाख जमा. हे पैसे आले कुठून याचा खुलासा नाही. ते पैसे ट्रस्टचे होते. सहल कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, ‘खात्यावर शिल्लक दिसली पाहिजे’, म्हणून ट्रस्टच्या कार्यालयाने ते सरळ वडिलांच्या खात्यात टाकले. लबाडीचा हेतू कुणाचाच नव्हता, पण कागदावर ती लबाडीच दिसत होती.

पत्र घेऊन वडील शाळेत आले. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलापुढे उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ‘बाई, माझ्यामुळं झालं का हे?’ एवढंच विचारलं. त्या दिवशी मला आमच्या सगळ्यांची शरम वाटली.

अशा व्हिसाला साधं अपील नसतं. नवा अर्ज, नवी फी. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. चिठ्ठीतलं पुढचं नाव घ्यायचं किंवा तिचाच अर्ज पुन्हा नीट करायचा. ट्रस्टमधल्या एकांनी पहिली वाट सुचवली, कारण एकदा नकार आला की पुन्हा येण्याची भीती असते. बाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या अर्जात ट्रस्टला उघडपणे खर्च उचलणारी संस्था दाखवलं. ट्रस्टचं पत्र, ट्रस्टचं बँक विवरण, लेखापरीक्षण अहवाल जोडला, पहिल्या वेळी काय चुकलं ते एका पानात सरळ लिहिलं. वडिलांच्या खात्याचं विवरण होतं तसं लावलं, त्यांच्या मजुरीसकट. तीन आठवड्यांनी व्हिसा आला.

सहा मेची सकाळ

निघायचं होतं १० मे २०२४ ला, शुक्रवारी. अक्षय तृतीया होती, पालकांनीच तो दिवस धरून ठेवला होता. कंपनीने तिकिटं स्वस्त मिळावीत म्हणून गट दोन विमानांत विभागला. क्रीडाशिक्षक सर तेरा मुलांना घेऊन एका विमानाने, बाई आणि मी नऊ मुलींना घेऊन दुसऱ्याने. ही विभागणी आम्हाला मार्चमध्ये कळली होती आणि आम्ही मान डोलावली होती.

७ मेला हातकणंगले मतदारसंघाचं मतदान. सर निवडणुकीच्या ड्युटीवर, मीही. आणि ६ मेला सकाळी बाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, ‘काही काळजी करू नका, त्यांच्या जागी तुम्ही आहातच. आम्ही एक पत्र देतो.’ आम्ही विश्वास ठेवला. मतदान केंद्रावरचं यंत्र सीलबंद करून रात्री अकराला घरी आलेल्या माणसाला विश्वास ठेवणंच सोपं जातं.

८ तारखेला संध्याकाळी एका मुलीचे वडील घरी आले. त्यांचा सुताच्या निर्यातीचा धंदा, कागद वाचायची सवय. त्यांनी मुलीच्या पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टिकर माझ्यापुढे धरलं आणि ब्रिटिश सरकारचा नियम मोबाईलवर दाखवला. अठरा वर्षांखालचं मूल पालकांशिवाय दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर जाणार असेल, तर त्या माणसाचं नाव अर्जात द्यावं लागतं. जास्तीत जास्त दोन नावं देता येतात. त्या दोघांपैकी निदान एक जण सोबत नसेल, तर मुलाला देशात घेत नाहीत.

बावीसही मुलांच्या अर्जात तीच दोन नावं होती. बाई आणि सर. माझं नाव कुठेच नव्हतं.

म्हणजे माझ्याबरोबर निघालेल्या नऊ मुली लंडनच्या विमानतळावरून परत पाठवल्या गेल्या असत्या. मी पासपोर्ट एकेक करून उघडत गेले. नऊ पासपोर्ट. वैष्णवीचा त्यातच होता.

समोरचे पर्याय

निघायला दोन दिवस होते. त्या रात्री शाळेत दिवे लावून आम्ही बसलो. फळ्यावर पर्याय लिहिले.

कंपनीचं पत्र घेऊन तसंच जायचं, हा पहिला. कंपनी अजूनही म्हणत होती, ‘आम्ही दरवर्षी नेतो.’ नियम इतका उघड लिहिलेला असताना तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना सीमेवर त्या पत्राच्या भरवशावर उभं करायचं, हे मला कुणी सांगूनही जमलं नसतं. हा पर्याय पाच मिनिटांत पुसला.

दुसरा, नऊ मुलींनी थांबायचं आणि नवे अर्ज करायचे. मुलगे आणि चार मुली पुढे जाणार, ह्या नऊ मागे. त्यांच्यासाठी सहल कधी झाली असती कुणास ठाऊक.

तिसरा, दिवाळीच्या सुट्टीवर ढकलायचं. व्हिसाची मुदत सहा महिन्यांची, ती ऑक्टोबरअखेर संपणार. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. गणित जुळत नव्हतं.

चौथा, नऊ जणींना सरांच्या विमानात बसवायचं. जागा चारच शिल्लक होत्या.

पाचवा, सगळ्या गटाने एकाच नव्या विमानाने, सरांबरोबर जायचं. एवढ्या जागा १२ मेच्या रात्री, आखाती देशातून जाणाऱ्या विमानात मिळत होत्या. माणशी १८,५०० रुपये जादा आणि दोन दिवस कमी, कारण परतीची तिकिटं मँचेस्टरहून २० तारखेची पक्की होती.

आम्ही पाचवा घेतला. जादा खर्च निम्मा ट्रस्टने, निम्मा पालकांनी सोसला. वैष्णवीचा आणि दुसऱ्या मुलाचा पूर्ण ट्रस्टने. आणखी एक प्रश्न होता. बावीस मुलांत तेरा मुली, आणि सोबत सर आणि मी दोघंच. ट्रस्टच्या एका सदस्या स्वखर्चाने यायला तयार झाल्या. त्यांची मुलगी तिकडे शिकते, त्यांच्याकडे लांब मुदतीचा व्हिसा आधीच होता. त्या नसत्या तर मी गेले असते का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

काय गाळायचं

दोन दिवस गेले, म्हणजे अकरा ठिकाणं बसणार नव्हती. कंपनीने लगेच सुधारित कार्यक्रम पाठवला. त्यात स्ट्रॅटफर्ड आणि गिरणी काढली होती, बाकी सगळं कोंबलं होतं. एका दिवशी तर सहा तास बसमध्ये आणि पन्नास मिनिटं स्टोनहेंजला.

९ तारखेला पालकसभा झाली. एक पालक उठून म्हणाले, ‘मॅडम, गिरणी बघायला इंग्लंडला कशाला? आमच्या गल्लीत दोनशे माग आहेत.’ सभागृहात हशा पिकला. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं. मी शनिवारच्या वर्गात वापरलेला एक फोटो पडद्यावर लावला. सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मँचेस्टरच्या उत्तरेला डार्वेन गावी गेले होते. भारतात विलायती कापडावर बहिष्कार, त्यामुळे लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरभोवतीच्या त्या भागातल्या, गिरण्यांना आधीच लागलेली मंदी आणखी वाढलेली, माणसं बेकार. त्याच गिरण्यांतल्या बायका फोटोत गांधीजींना घेरून हात उंचावून जल्लोष करताहेत.

मी एवढंच म्हटलं की राजवाडा बघून आपली मुलं इंग्लंड बघतील, पण ह्या बायका कोण होत्या हे कळलं तर त्यांना इंग्लंड आणि इचलकरंजी दोन्ही कळेल. सगळ्यांना पटलं असं नाही. पण सुताचा धंदा करणारे ते पालक उठले आणि म्हणाले, गिरणी राहू दे, विंडसर काढा.

शेवटी विंडसर, स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड, स्टेडियम आणि स्टुडिओ, सगळं गेलं. स्टुडिओची तिकिटं हुकलेल्या दिवसाची होती. पुन्हा काढली असती तर पैसे आणि उरलेल्या सातांतला एक पूर्ण दिवस, दोन्ही गेलं असतं. तो निर्णय मी आणि सरांनी घेतला. मुलांना तो मुंबईच्या विमानतळावर सांगितला. काही जणी रडल्या.

प्रवास

हीथ्रोला सरांनी बावीसही मुलांना एका रांगेत उभं केलं. अधिकारी बाईंनी प्रत्येक स्टिकर पाहिलं, सरांचा पासपोर्ट दर वेळी शेजारी ठेवला, दोन मुलांना विचारलं, ‘हे कोण?’ तासाभराहून अधिक वेळ लागला. मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर आले तेव्हा मला कुणी मुलांबद्दल काही विचारलंही नाही. त्यांच्या लेखी मी एक वेगळी पर्यटक होते.

लंडनचे दिवस भराभर गेले, त्यांचं सगळं सांगत बसत नाही. दोन गोष्टी सांगते.

टॉवर ऑफ लंडनमध्ये राजमुकुटांपुढून सरकता पट्टा जातो, त्यावर उभं राहून बघायचं. कोहिनूर तिथे राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात आहे, तो मुकुट १९३७ चा. २०२३ मध्ये तिथली मांडणी बदलली आणि हा हिरा विजयाचं प्रतीक म्हणून हातोहात कसा गेला, हे आता तिथेच सांगितलेलं आहे. मी मुलांना तयारी वर्गात एकच गोष्ट सांगून ठेवली होती. १८४९ च्या लाहोरच्या तहात हा हिरा ज्याच्याकडून लिहून घेतला तो महाराजा दुलीपसिंह दहा वर्षांचा होता. मुलं पट्ट्यावरून तीनदा फिरली. बाहेर आल्यावर आमचा सगळ्यात दंगेखोर मुलगा म्हणाला, ‘मॅडम, माझा भाऊ दहाचा आहे. त्याला सही पण येत नाही नीट.’ त्या रात्रीच्या वहीत अकरा मुलांनी याच विषयावर प्रश्न लिहिले. वहीचा नियम असा होता की दिवसाचा वृत्तांत लिहायचा नाही, फक्त एक प्रश्न लिहायचा.

दुसरी गोष्ट ग्लोबची. थेम्सच्या काठी १९९७ मध्ये उभं राहिलेलं हे नाट्यगृह शेक्सपिअरच्या काळच्या घडणीचं आहे. मधल्या उघड्या अंगणात उभं राहून नाटक बघायचं, ती तिकिटं सगळ्यात स्वस्त. रिमझिम पाऊस होता. अंगणात छत्री उघडू देत नाहीत, मागच्यांना दिसत नाही म्हणून. मुलं रेनकोट घालून जवळजवळ तीन तास उभी राहिली. संवाद फारसे कळले नाहीत. पण नट प्रेक्षकांत घुसतात, गर्दीतल्या माणसाशी बोलतात, लोक ओरडून उत्तर देतात, हे त्यांना फार ओळखीचं वाटलं. ‘हे तर आपल्या जत्रेतल्या तमाशासारखं आहे की,’ सर म्हणाले. शेक्सपिअर म्हणजे परीक्षेत येणारा कठीण माणूस, ही मुलांच्या मनातली भीती त्या पावसात बरीच वाहून गेली.

स्ट्रॅटफर्डला हेन्ली स्ट्रीटवरच्या जन्मघरात मुलांना कळलं की त्याचे वडील हातमोजे शिवायचे. कारागिराचा मुलगा. मला तेवढं पुरेसं होतं.

स्टायलचा दिवस

कार्यक्रमातला अर्धा दिवस वाढवून मी पूर्ण केला होता. आम्ही आधी शिकाऊ मुलांचं घर पाहिलं. १७९० च्या सुमारास बांधलेलं, पांढरं, बागेतलं, लांबून बघितलं तर एखाद्या सुखी कुटुंबाचं वाटावं असं. अनाथाश्रमांतून आणि गरीबगृहांतून करारावर आणलेली मुलं इथे राहायची. दिवसाला बारा तास काम, रविवार सोडून. त्यांच्या झोपायच्या खोलीत लाकडी चौकटींच्या खाटा आहेत, एकेका खाटेवर दोघं. आमच्या मुलांतली दोन त्या खाटेच्या मापाने जमिनीवर शेजारी झोपून बघत होती. वरून मँचेस्टरला उतरणारी विमानं जात होती.

१८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे तास कमी झाले आणि त्यांना रोज दोन तास शिकवणं सक्तीचं झालं. आमच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. इथे तीच ओळ वाचायला मुलांना बराच वेळ लागला. ग्रेग कुटुंबाचे वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावर मळे होते आणि तिथे गुलाम राबत होते, हेही मी सांगितलं. ‘म्हणजे कापूस पण गुलामांचा आणि कामगार पण लहान मुलं?’ हा प्रश्न एका मुलीने तिथेच, जिन्यात विचारला. गिरणीत येणारा बराचसा कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा. १८६१ ला तिकडे यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला, लँकेशायर उपाशी पडलं आणि मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा धूर निघाला. भारतातून गेलेल्या आखूड धाग्याच्या कापसाला लँकेशायरचे विणकर सरसकट ‘सुरत’ म्हणायचे आणि वैतागायचे, कारण सूत सारखं तुटायचं आणि मजुरी बुडायची.

मग माग असलेल्या खोलीत गेलो. स्वयंसेवक आजोबांनी बजावलं, आवाज फार मोठा होईल, कान झाका. आणि माग सुरू केला. आमच्यातल्या एकाही मुलाने कान झाकले नाहीत. आजोबा चकित होऊन बघत राहिले. बावीस मुलं एकाच वेळी हसायला लागली. घरचा आवाज होता तो.

माग थांबवून त्यांनी सांगितलं की या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून लँकेशायरच्या विणकर बायकांनी ओठांच्या मोठ्या हालचाली आणि हातवारे यांची भाषा बनवली होती. तिला ‘मी-मॉ’ म्हणतात. नंतर त्यांनी धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, हातात घेतला. जुन्या धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायला विणकर त्याला तोंड लावून धागा ओढून घ्यायचे. हे सांगत असताना वैष्णवी पुढे झाली. तिने इंग्रजीत, तुटक, पण ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तिच्या आजीने हे केलं आहे आणि तिला आयुष्यभर खोकला होता.

आजोबांनी तिला विचारलं, तुटलेलं सूत जोडता येतं का? त्यांनी दोन टोकं तिच्या हातात दिली. तिने डाव्या हाताच्या अंगठ्यावर एक टोक दुसऱ्यावर आडवं ठेवलं, वेढा घेतला, ओढलं. गाठ इतकी बारीक की शोधावी लागली. विणकरांची गाठ. आजोबांनी स्वतःची गाठ बांधून शेजारी धरली. सारखी होती. त्यांनी हाक मारून शेजारच्या खोलीतल्या बाईंना बोलावलं, त्यांनाही ती गाठ दाखवली. पुढची वीस मिनिटं वैष्णवी बोलत होती आणि बाकीचे एकवीस जण ऐकत होते. त्यांत ज्यांच्या वडिलांच्या कारखान्यात दीडशे माग आहेत अशी मुलंही होती. त्यांना ती गाठ येत नव्हती.

मी मागाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला.

निष्पत्ती

इंग्रजी सुधारलं का, हा पालकांचा पहिला प्रश्न. सात दिवसांत भाषा सुधारत नाही आणि तसं कुणी माहितीपत्रकात छापू नये. काही मुलांची बोलण्याची भीड चेपली, हे खरं.

गाळलेल्या ठिकाणांच्या पैशांपैकी कंपनीने बऱ्याच पाठपुराव्यानंतर, चार महिन्यांनी काही भाग परत केला. जादा विमानभाड्याची जबाबदारी मात्र घेतली नाही. दोन कुटुंबं अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, ठरलेल्या अकरातली सहा ठिकाणं न दाखवता पूर्ण पैसे घेतले. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

जूनमध्ये मुलांनी आपणहून एक काम सुरू केलं. घरोघरी जाऊन जुन्या विणकरांकडून मागाचे शब्द गोळा करायचे. धोटा, कांडी, बीम, जॉबर, पीक. यातले कुठले इथले आणि कुठले लँकेशायरहून मागांबरोबर आले, हे शोधायचं. दिवाळीपर्यंत दीडशेच्या आसपास शब्द झाले. या कामात वैष्णवीचे वडील तीन वेळा शाळेत आले. तिसऱ्या वेळी खुर्चीत बसले.

पुन्हा करायचं झालं तर

नावांचं गणित आधी करू. तीन शिक्षक असतील तर मुलांचे तीन गट पाडायचे आणि अर्जात जोड्या फिरवून नावं द्यायची. पहिल्या गटाला पहिला आणि दुसरा शिक्षक, दुसऱ्याला दुसरा आणि तिसरा, तिसऱ्याला तिसरा आणि पहिला. मग कुणीही एक गळालं तरी प्रत्येक मुलाबरोबर निदान एक नाव उरतं. आणि गट एकाच विमानात. स्वस्त तिकिटासाठी गट फोडायला पुन्हा कधीच होकार देणार नाही.

अर्ज कंपनीने भरले तरी प्रत्येक ओळ शाळेने वाचायची. आम्ही फक्त सह्या केल्या होत्या. नियम सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, साध्या भाषेत आहे. तो एका पालकाने वाचला, आम्ही सहा शिक्षकांनी नाही.

ज्याचा खर्च संस्था उचलते त्या मुलाच्या अर्जात संस्थेनेच पुढे उभं राहायचं. पालकांच्या खात्यात पैसे फिरवायचे नाहीत.

ठिकाणं पाचच ठेवू. संकट आलं नसतं तर ती अकराच राहिली असती, हे मला बोचतं. जो विचार ऑगस्टमध्ये शांतपणे करायचा, तो मेमध्ये रात्री दहाला, फळ्यापुढे, घाबरून केला.

आणि स्टुडिओचा निर्णय. तो बरोबर होता असं मला अजून वाटतं, पण तो मुलांना विचारून घ्यायला हवा होता. तेरा-चौदा वर्षांची मुलं होती. त्यांच्यापुढे वेळेचं आणि पैशांचं गणित मांडलं असतं तर कदाचित त्यांनी गिरणी काढून स्टुडिओ ठेवला असता. तरीही विचारायला हवं होतं.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी वैष्णवीच्या घरी गेले. वडील रात्रपाळीहून नुकतेच आले होते. त्यांना मोबाईलवरचं ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी मोबाईल कानाशी धरला, डोळे मिटले, पूर्ण दीड मिनिट ऐकलं. मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, ‘पट्टा सैल झालाय त्यांचा. सांगायला पाहिजे होतं तिथल्या माणसांना.’